थेंबातील जीव आणि काचेवरील साक्ष

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपूर लागते. येथूनच एक वाट राजिमकडे, महानदीच्या काठाकडे फुटते. छत्तीसगडच्या या सपाट, भातशेतीच्या मुलखात गावाचे जीवन तळ्याभोवती गुंफलेले असते. जुन्या वसाहतींच्या वैभवाचे वर्णन करताना येथे 'छै आगर छै कोरी' तळ्यांचा उल्लेख होतो. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी. अशा एखाद्या तळ्यातील पाण्याचा थेंब आज शाळकरी विद्यार्थ्याने काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर मोबाइलचा कॅमेरा टेकवला आणि बोटाने पडद्यास स्पर्श केला, तर क्षणार्धात धावत्या पॅरामिशियमचे छायाचित्र त्याच्या हाती येते. एकोणिसाव्या शतकातील उत्तमोत्तम संशोधकांना जे साधले नाही, ते इतके सहज झाले आहे. या सहजतेमागचा इतिहास मात्र दीर्घ आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईच्या तळ्यांकाठी घडले.

सूक्ष्मदर्शकाची मूळ अडचण साक्षीची होती. भिंगाला एका वेळी एकच डोळा लावता येतो. त्या डोळ्याने जे पाहिले त्यावर इतरांनी विश्वास कसा ठेवावा? हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने १६७४ साली जवळच्या सरोवराचे पाणी स्वतः घडविलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. पुढे १६७६ च्या पत्रात त्याने अशा जीवांचे सविस्तर वर्णन केले. सोसायटीच्या सदस्यांस ते खरे वाटेना. अखेर १६७७ साली रॉबर्ट हूक याने तोच प्रयोग सभेपुढे करून दाखविला, तेव्हा कोठे शंका मिटली. लेव्हेनहूकला चित्रकलेचे अंग नव्हते. आपल्या पत्रांसाठी तो चित्रकारांकडून आकृत्या काढून घेई. थेंबातील जीव जगापुढे आला तो असा पाहणाऱ्याच्या शब्दांतून आणि दुसऱ्याच्या कुंचल्यातून.

याच वाटेने पावणेदोनशे वर्षांनी मुंबईत एक शल्यवैद्य चालत होता. हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत १८४२ साली मुंबईस आला आणि १८६२ पर्यंत त्याचा मुक्काम प्रामुख्याने येथेच होता. मधली काही वर्षे अरबस्तानच्या किनाऱ्याच्या पाहणीवर गेलेल्या 'पालिन्युरस' या जहाजावर त्याने काढली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो चिटणीस होता. भूशास्त्रावरही त्याने लिहिले. पण त्याचे मन रमले ते मुंबई बेटावरच्या तळ्यांत. त्या काळी बेटावर तळी जागोजाग होती. लोक त्यांचे पाणी पीत, त्यांत कपडे धूत, गुरे पाजीत. त्या पाण्यात काठच्या दगडांना आणि बुडालेल्या काटक्यांना चिकटून वाढणारे गोड्या पाण्यातील स्पंज कार्टरने गोळा केले, त्यांच्या जाती निश्चित केल्या आणि १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांवर लेख प्रसिद्ध केले.

स्पंज ही वनस्पती की प्राणी, हा प्रश्न त्या वेळी पुरता सुटलेला नव्हता. एका जागी रुजून राहणारा, काही वेळा शैवालामुळे हिरवा दिसणारा हा जीव पाहून त्यास वनस्पती मानणारे विद्वान होते. कार्टरने १८४८ सालच्या आपल्या लेखाच्या शीर्षकातच मुंबईच्या तळ्यांतील स्पंजाच्या 'प्राणित्वा'चा प्रश्न उभा केला. स्पंजाच्या अंतर्भागातील सूक्ष्म पेशी, त्यांवरील चाबकासारखे हलणारे तंतू, पाण्याबरोबर आत ओढले जाणारे कण, उन्हाळ्यात तळे आटले की मागे उरणारे आणि पावसाळ्यात पुन्हा अंकुरणारे बीजगोल, हे सारे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८५६ साली त्याने मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या शरीररचनेवर विस्तृत लेख लिहिला. १८५८ साली मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्राचे पाणी तांबडे का होते याचे कारण त्याने एका सूक्ष्म जीवात शोधले. १८५९ साली रॉयल सोसायटीने त्यास सदस्यत्व दिले. पुढे १८६३ साली बॉवरबँक या इंग्रज अभ्यासकाने मुंबईच्या एका स्पंजास 'स्पाँजिला कार्टेरी' असे नाव दिले. तो स्पंज आज 'युनॅपियस कार्टेरी' म्हणून ओळखला जातो.

कार्टरच्या या लेखांसोबत आहेत त्या रेखाटलेल्या आकृत्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे एक प्रश्न पडावा. मुंबईत त्या वेळी कॅमेरा नव्हता काय? होता. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली, म्हणजे कार्टरच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या मुंबईतील नामवंत छायाचित्रकार. वैद्यक आणि छायाचित्रण ही दोन्ही शास्त्रे एकाच घरात नांदत होती. सूक्ष्मदर्शक शहरात होता, कॅमेरा शहरात होता, जिज्ञासू माणसेही होती. तरीही तळ्यातील जीव कागदावर उतरला तो पेन्सिलीनेच. याचे कारण कोणाच्या अनास्थेत शोधण्याची गरज नाही. ते प्रकाशाच्या गणितात सापडते.

सूक्ष्मदर्शक एखादी वस्तू १०० पट मोठी करून दाखवतो, तेव्हा तिच्यातून आलेला प्रकाश १०० पट लांबीवर आणि १०० पट रुंदीवर, म्हणजे १०,००० पट क्षेत्रफळावर पसरतो. काचेच्या प्रत्येक बिंदूस मिळणारा प्रकाश त्याच प्रमाणात क्षीण होतो. तो भरून काढावयाचा तर काच अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. आता जीवाकडे पाहावे. पॅरामिशियमची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. हा वेग उघड्या डोळ्यांना नगण्य वाटेल. परंतु सूक्ष्मदर्शक वस्तूबरोबर तिची गतीही मोठी करतो. १०० पट वर्धनात त्या जीवाची प्रतिमा २ सेंटिमीटर लांब होते आणि काचेवरून सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सरकते. काच अर्धा सेकंद जरी उघडी राहिली, तरी प्रतिमा ५ सेंटिमीटर ओढली जाते. जीवाच्या स्वतःच्या लांबीच्या अडीच पट. उरतो तो केवळ धुरकट पट्टा. रेषा स्पष्ट यावयाच्या तर काच सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच वेळ उघडली पाहिजे. १८५०च्या दशकातील ओल्या कोलोडियनच्या काचांना अशा मंद प्रकाशात ते अशक्यच होते.

आणखी एक अडचण होती. कोलोडियनची काच निळ्या-जांभळ्या प्रकाशास संवेदनशील असे, तर मनुष्याचा डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशात उत्तम पाहतो. त्या काळच्या भिंगांत या दोन प्रकाशांचे केंद्र एका जागी येत नसे. डोळ्यास रेखीव दिसणारी प्रतिमा काचेवर पुसट उमटे. छायाचित्रकारास आपण पाहतो ते सोडून, न दिसणाऱ्या केंद्राचा अंदाज बांधून काच पुढे-मागे सरकवावी लागे.

म्हणूनच सूक्ष्मछायाचित्रणाचा आरंभीचा इतिहास हा बहुतांशी स्थिर वस्तूंचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये फॉक्स टॅल्बट याने सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून मिळविलेल्या प्रतिमा १८३९ साली लोकांपुढे ठेवल्या. पॅरिसमध्ये आल्फ्रेड दॉने आणि लेआँ फूको यांनी डगेरोटाइप पद्धतीने रक्तपेशी आदींची चित्रे घेऊन १८४५ साली चित्रसंग्रह काढला. पण डगेरोटाइपची प्रत निघत नसे. तेव्हा छापण्यासाठी त्या प्रतिमांवरून कारागिरांकडून पुन्हा रेखाटन करवून घ्यावे लागले. यंत्राने मिळविलेली साक्ष वाचकापर्यंत पोहोचली ती अखेर मानवी हातातूनच.

छायाचित्रकारांना तळ्यातील एक रहिवासी मात्र मनासारखा सापडला. तो म्हणजे डायाटम. या एकपेशीय शैवालाचे कवच सिलिकाचे, म्हणजे एक प्रकारे काचेचेच असते. आम्लाने धुतल्यावर आतील जीवद्रव्य नाहीसे होते आणि नक्षीदार कवच जसेच्या तसे उरते. ते हलत नाही, कुजत नाही, वर्षानुवर्षे टिकते. त्याच्यावरील रेषा इतक्या जवळजवळ असतात की, त्या वेगळ्या दिसतात की नाही यावरून भिंगाची पारख केली जाई. डायाटमांची छायाचित्रे घेणे हा एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शकप्रेमींचा छंद होता, आणि त्याच वर्तुळातून छायाचित्रणकलेस एक मोठी देणगी मिळाली. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर उत्तम सूक्ष्मछायाचित्रकार होता. कोलोडियनमधील ईथरची वाफ त्याच्या प्रकृतीस मानवेना. पर्याय शोधताना त्याने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे इतरांनी ती सुधारली आणि तिच्यातूनच छायाचित्रणाच्या फिल्मचे युग उगवले. लग्नमंडपातील आणि सहलीतील छायाचित्रांचे मूळ असे काही अंशी सूक्ष्मदर्शकाच्या टेबलापर्यंत जाते.

छायाचित्र हाच पुरावा, हा आग्रह धरला तो रॉबर्ट कॉख याने. हाताने काढलेल्या आकृतीत पाहणाऱ्याचे मत नकळत मिसळते, असे त्याचे म्हणणे होते. त्याने जीवाणू काचेवर सुकवून, रंगवून, स्थिर करून त्यांची छायाचित्रे घेतली आणि १८७७ साली प्रसिद्ध केली. हाच कॉख कलकत्त्यास पटकीचा शोध घेत आला, तेव्हा १८८४ साली वस्तीतील तळ्याच्या पाण्यात त्यास पटकीचे जीवाणू आढळले. भारतातील तळ्याचा थेंब अशा रीतीने आरोग्यशास्त्राच्या इतिहासातही दाखल झाला.

यानंतरची वाटचाल प्रकाशावर ताबा मिळविण्याची आहे. १८९३ साली आउगुस्ट क्योलर याने संपूर्ण दृश्यक्षेत्रावर सारखा प्रकाश पाडण्याची युक्ती मांडली; ती मुळात सूक्ष्मछायाचित्रणासाठीच शोधली गेली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शक जुळविताना तीच वापरतात. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. रंगवावी तर ती मरते. फ्रिट्स झेर्निके याने १९३०च्या दशकात प्रकाशलहरींच्या कलांतरातून तिला न रंगवता दृश्यमान करण्याची पद्धत दिली आणि १९५३ साली त्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. क्षणदीप्तीचे दिवे आणि अधिक संवेदनशील फिल्म यांमुळे धावता जीवही अखेर काचेवर थांबला.

तरीही रेखाटन संपले नाही, आणि त्याला सबळ कारण होते. अधिक वर्धनाच्या भिंगाला एका वेळी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे मायक्रॉनभर जाडीचाच थर स्पष्ट दिसतो. छायाचित्र त्या एका थराशी बांधलेले असते. रेखाटणारा अभ्यासक मात्र भिंग खाली-वर करून अनेक थर पाहतो, अनेक नमुने तपासतो आणि त्यांतून एक आकृती सिद्ध करतो. ती आकृती म्हणजे त्याच्या साऱ्या निरीक्षणाचा निष्कर्ष असतो. आज संगणकावर वेगवेगळ्या थरांची अनेक छायाचित्रे एकत्र जोडून एकच रेखीव प्रतिमा बनवितात. ज्या कामासाठी कार्टरचा हात हवा होता, ते काम त्या हाताच्याच रीतीने आता यंत्र करते.

महाराष्ट्राच्या बाबतीत या प्रश्नाची धार विसाव्या शतकाच्या मध्यास दिसते. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी या अभ्यासकाने पश्चिम भारतातील गोड्या पाण्यातील डायाटमांचा अनेक वर्षे अभ्यास केला. कोल्हापूर व परिसरातील डायाटमांवरचा त्यांचा लेख १९५८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पन्हाळगडावरील डायाटमांवरचा लेख १९५९ साली 'हायड्रोबायोलॉजिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात. इतिहासप्रेमी ज्या गडावर शिवरायांच्या खुणा शोधतात, तेथील पाण्यात गांधींनी काचेच्या कवचांचे जग पाहिले. त्यांच्या लेखांतील चित्रे रेषाकृती होती: कवचाचा आकार, लांबी-रुंदी, १० मायक्रॉनमध्ये किती रेषा, हे सारे त्यांत नोंदलेले.

अशा आकृतीवर पुढे किती भार पडतो हे जीवशास्त्राच्या नामकरणाच्या नियमांवरून कळते. प्रत्येक जातीच्या नावास एक प्रमाणनमुना बांधलेला असतो. नाव कोणाचे, याविषयी वाद झाला तर त्या नमुन्याकडे परत जावयाचे. १ जानेवारी १९५८ पासून शैवालाच्या नव्या जातीचे नाव देताना असा नमुना दर्शविणे बंधनकारक झाले. जे सूक्ष्म शैवाल जपून ठेवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण, त्यांच्या बाबतीत चित्रासही प्रमाणनमुन्याचा मान मिळू शकतो. म्हणजे एखाद्या जीवाची कायदेशीर ओळख एका चित्रावर तोललेली असू शकते. त्या चित्रात जे आले नाही, ते नंतरच्या अभ्यासकास अन्य मार्गाने शोधावे लागते. गांधींनी कोल्हापूरहून नोंदविलेल्या 'गोम्फोनेमा' या प्रजातीतील जातींचा २०१२ साली बी. कार्तिक आणि जे. पॅट्रिक कोसियोलेक यांनी फेरविचार केला: त्यांची ओळख, त्यांचे प्रमाणनमुने आणि त्यांचा भौगोलिक प्रसार. अर्धशतकापूर्वीच्या नोंदी पुन्हा जिवंत झाल्या त्या त्यांतील स्थळांच्या आणि मापांच्या काटेकोरपणामुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज डायाटमांचा अभ्यास चालतो. ही संस्था १९४६ साली स्थापन करण्यात पुढाकार घेणारे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे. तरुणपणी त्यांनी सातारा जिल्ह्यातील नदीतून गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधून काढले होते.

फेरतपासणीस आणखी एक अट असते: पाणी शिल्लक असावे लागते. पन्हाळगड जागेवर आहे. कार्टरच्या मुंबईचे तसे नाही. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि बेटावरील तळ्यांची निकड ओसरली. साथी आणि हिवताप यांच्या भीतीने साचलेले पाणी शहराचे शत्रू ठरले. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरील अहवाल आला आणि विहिरी-टाक्यांवर करडी नजर वळली. एकेक तळे बुजत गेले. धोबी तलाव, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावे उरली. पाणी उरले नाही. ज्या गोवालिया टँक मैदानावर १९४२ साली 'भारत छोडो'ची हाक घुमली, त्याच्या नावातही तळेच आहे. हिवतापाने माणसे मरत असताना तळी बुजविणाऱ्यांस दोष देणे सोपे नाही. मात्र त्या तळ्यांत कोणते जीव एकत्र राहत होते, हे आता त्या पाण्यास विचारता येत नाही. त्यासाठी कार्टरच्या लेखांचीच पाने उलटावी लागतात. हाताने काढलेली ती चित्रे आज बुजलेल्या जलाशयांची साक्ष देतात.

आता साधनांची टंचाई सरली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कागदाच्या घडीतून बनणाऱ्या 'फोल्डस्कोप' या सूक्ष्मदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले. मेरठ येथे जन्मलेल्या प्रकाश यांचे शिक्षण आयआयटी कानपूरमध्ये झाले. शाळांपर्यंत पोहोचलेल्या फोल्डस्कोपचे वर्धन सुमारे १४० पट, पृथक्करण सुमारे २ मायक्रॉन, आणि त्याला मोबाइल जोडता येतो. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शाळा-महाविद्यालयांत त्याच्या प्रसारासाठी कार्यक्रमही राबविला. पॅरामिशियम, रोटिफर, डॅफ्निया यांची छायाचित्रे त्यातून सहज मिळतात.

छायाचित्र मिळणे आणि नोंद होणे यांत मात्र अंतर आहे. मोबाइलमधील सुंदर प्रतिमेवर तळ्याचे नाव नसेल, तारीख नसेल, लांबी मोजण्याची पट्टी नसेल, तर काही वर्षांनी ती केवळ शोभेची वस्तू ठरते. कार्टर आणि गांधी यांच्याकडे अशी साधने नव्हती. तरीही त्यांचे काम टिकले, कारण कोणत्या पाण्यातून काय मिळाले हे त्यांनी लिहून ठेवले. एकाच तळ्याचे पाणी दर महिन्यास, एकाच जागेवरून, एकाच वर्धनाने पाहावे. उन्हाळ्यात पाणी आटताना कोण नाहीसे होते, पहिल्या पावसानंतर कोण परत येते हे तारखेनिशी नोंदवावे. चित्रासोबत पाण्याचा रंग, तापमान आणि काठावरचा वापर लिहावा. याला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही आणि वर्षभराचा नेम पुरतो.

रायपूर हे वाढते शहर आहे आणि वाढत्या शहराच्या वाटेवरील तळ्यांचे काय होते, हे मुंबईने दाखविले आहे. अभनपूरच्या परिसरातील तळ्यांत मात्र अजून पाणी आहे. त्यांतील थेंबाचे आज घेतलेले, स्थळ-काळ लिहिलेले छायाचित्र पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडेल. त्या वेळी तळे जागेवर असेल, तर त्यास तुलना करता येईल. नसेल, तर त्या पाण्याविषयी बोलणारे तेवढेच एक चित्र उरलेले असेल.